नगरसेवकाला दोन वर्षं मेसेज करतोय, काम का होत नाही?

प्रश्न थोडक्यात असा: महापालिका हद्दीतली सोसायटी, गेटसमोर दर पावसाळ्यात गुडघाभर पाणी. नगरसेवकांना व्हॉट्सॲपवर दोन वर्षं फोटो पाठवले, ट्विटरवर टॅग केलं, २०० सह्यांचं निवेदन दिलं, एकदा २५ जण मिळून भेटूनही आले. "बघतो, करून घेऊ" याच्या पुढे गाडी सरकली नाही. तर लोकप्रतिनिधींपर्यंत काम न्यायचं कसं, आणि कुठल्या मार्गांत नुसता वेळ जातो?

मी १४ वर्षं नगरसेवकांच्या जनसंपर्क कार्यालयांत काढली. आधी सत्ताधारी बाजूच्या एका साहेबांकडे, नंतर विरोधातल्या एका ताईंकडे. टपाल फोडायचं, वहीत चढवायचं, त्यांच्यापुढे ठेवायचं, खात्याला पत्र करायचं आणि दिवसभर फोन घ्यायचे, हे माझं काम. त्यामुळे हे उत्तर टेबलाच्या पलीकडून आहे असं समजा.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. गटार साफ करा असा हुकूम देण्याचा अधिकार नगरसेवकाला कायद्याने नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ (मुंबईला १८८८ चा वेगळा कायदा) कार्यकारी अधिकार आयुक्तांना देतो. आयुक्त सरकारने नेमलेले. त्यांच्याखाली खातेप्रमुख, क्षेत्रीय कार्यालयाचे (वॉर्ड ऑफिसचे) सहायक आयुक्त, उपअभियंता, कनिष्ठ अभियंता, आणि सगळ्यात खाली मुकादम नि त्याची माणसं, ज्यांच्या हातात खरोखर पहार-फावडं असतं. नगरसेवकाच्या हातात राहतात चार गोष्टी: अभियंत्याला फोन, खात्याला पत्र, सभागृहात किंवा प्रभाग समितीत प्रश्न, आणि अंदाजपत्रकात आपल्या प्रभागासाठी तरतूद धरायला लावणं. तुमचं काम या चारांतल्या कशाने होणार हे तुम्हालाच ठाऊक नसेल, तर तेवढा विचार करायला त्यालाही सवड नसते. मग "बघतो" येतं. तो नकार नसतो आणि होकारही नसतो. तुमचा कागद अजून कुठल्याच फायलीत गेलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरा घोळ तक्रार आणि मागणी यांचा. जे आहे ते बिघडलं, की तक्रार: दिवा बंद, चेंबर तुंबलं, घंटागाडी आली नाही. ही आधी खात्याकडे नोंदवा, महापालिकेच्या ॲपवर किंवा क्षेत्रीय कार्यालयात, आणि क्रमांक घ्या. नगरसेवकाकडे यायचं ते हा क्रमांक घेऊन. "काम न करताच तक्रार बंद केली" हे वाक्य क्रमांकासह हातात पडलं की आमच्या साहेबांना फोन उचलायला हुरूप यायचा, कारण अभियंत्याकडे त्याला उत्तर नसायचं. मागणी म्हणजे जे अजून नाहीच ते हवंय: नवी पावसाळी वाहिनी, मोठा पाइप, जास्तीचे खांब. त्याला पैसे लागतात, तरतूद लागते, निविदा लागते. ते ॲपवर मागून मिळत नाही. तिथे लोकप्रतिनिधीच हवा.

तुमचं पाणी यातलं नेमकं काय आहे? तुम्ही लिहिलेल्यावरून मला कळत नाही, आणि तुमच्या नगरसेवकालाही कळलं नसणार.

असंच एक प्रकरण आमच्याकडे आलं होतं. एका सोसायटीचा सात पानी अर्ज. रस्त्याची पावसाळी लाइन लहान पडते, ३०० मीटर नवी मोठी लाइन टाकून द्यावी, सोबत कुणा सभासदाने काढलेला आराखडा. सुंदर टाइप केलेला. तो अर्ज दीड वर्ष आमच्या कपाटात होता, कारण तेवढ्या कामाला त्या वर्षी तरतूद नव्हती आणि पुढच्या वर्षी रस्त्याचं काम आधी लागलं. मग त्याच इमारतीतल्या एक निवृत्त बाई एकट्याच आल्या. हातात शाळेची दोनशे पानी वही. पाऊस किती वाजता थांबला, पाणी किती वाजता उतरलं, अशा अकरा दिवसांच्या नोंदी. शेवटच्या पानावर एक वाक्य: "आमच्या रस्त्यावर तीन चेंबर होते, आता दोनच झाकणं दिसतात."

ताईंनी तिथेच कनिष्ठ अभियंत्याला फोन लावला. जागेवर गेलो. तिसरं झाकण मागच्या डांबरीकरणात गाडलं गेलं होतं. मुकादमाने अंदाजाने दोन ठिकाणी डांबर उकरलं, तिसऱ्या ठिकाणी पहार टण्णकन वाजली. झाकण निघालं तेव्हा आत गळ्यापर्यंत गाळ आणि सिमेंटचं एक अख्खं पोतं, दगड झालेलं. अर्ध्या दिवसाचं काम होतं, तरतुदीचा एक रुपया लागला नाही.

तेव्हापासून मी सगळ्यांना सांगत आलो: अर्जात उपाय लिहू नका, निरीक्षण लिहा. उपाय लिहिला की तो मंजूर होतो का, याचीच चर्चा होते. निरीक्षण लिहिलं तर कुणाला तरी जागेवर जाऊन बघावं लागतं. आणि अभियंता एकदा जागेवर आला की निम्मं काम झालं समजा, मग नगरसेवक कुठल्याही पक्षाचा असो.

अर्ज कसा असावा? एक पान. खरं तर अर्धं. असा:

"प्रति, मा. नगरसेविका/नगरसेवक, प्रभाग क्र. … विषय: अमुक सोसायटीच्या गेटसमोर पावसाचे पाणी साचत असल्याने जागेवर पाहणी लावण्याबाबत. महोदय, वरील ठिकाणी पाऊस थांबल्यावर सुमारे ४ तास पाणी उतरत नाही. रस्त्यावरील तीन चेंबरपैकी दोनचीच झाकणे दिसतात. याबाबत क्षेत्रीय कार्यालयाकडे दि. … रोजी तक्रार क्र. … नोंदवली होती. ती प्रत्यक्ष काम न होता दि. … रोजी बंद करण्यात आली. तरी संबंधित कनिष्ठ अभियंत्यांसह पाहणी लावावी, ही विनंती. सोबत: दोन छायाचित्रे, ठिकाणाचा साधा नकाशा. संपर्क: नाव, मोबाइल."

असा कागद आला की आम्ही त्याच्याच कोपऱ्यात "मा. सहायक आयुक्त, तातडीने कार्यवाही व्हावी" असा शेरा मारायचो, खाली सही, शिक्का, आणि दुपारच्या टपालात तो गेलेला असायचा. पाच मिनिटं. सात पानी अर्जाचं तसं होत नाही. तो वाचून, सारांश काढून, नवं पत्र टाइप करावं लागतं. ते "उद्या करू"मध्ये पडतं, आणि दुसऱ्या दिवशी नवे चाळीस कागद आलेले असतात.

कागद दिल्यावर आमच्या वहीत त्याला आवक क्रमांक पडतो. दुसऱ्या प्रतीवर तो टाकून सही-शिक्क्यासह पोच घ्या. हे बहुतेकांना माहीत असतं. बहुतेकांना माहीत नसतं ते पुढचं: आठवड्याने जाऊन आमच्याकडचा जावक क्रमांक मागायचा. म्हणजे नगरसेवकाने खात्याला जे पत्र पाठवलं, त्याची झेरॉक्स आणि त्यावर खात्याचा आवक शिक्का. माझ्या १४ वर्षांत हे मागणारे लोक हातांच्या बोटांवर मोजण्याइतके होते, आणि त्यांची कामं मागे पडल्याचं मला आठवत नाही. दोन कारणं. एक, पत्र गेलंच नसेल तर ते तेव्हाच उघडं पडतं आणि आम्ही ओशाळून त्याच दिवशी पाठवतो. दोन, ती झेरॉक्स घेऊन तुम्ही स्वतः क्षेत्रीय कार्यालयात जाऊ शकता. "नगरसेवकांचं अमुक तारखेचं पत्र तुमच्याकडे आलंय, त्याचं काय झालं?" हा प्रश्न विचारणारा माणूस आणि "आमच्याकडे पाणी साचतं हो" म्हणणारा माणूस, यांना मिळणाऱ्या खुर्च्याही वेगळ्या असतात.

आता तुमच्या मार्गांकडे येतो.

व्हॉट्सॲप. नगरसेवकाच्या फोनवर दिवसाला शेकडो मेसेज पडतात. निम्मे सुप्रभात, वाढदिवस आणि कार्यक्रमांची निमंत्रणं. त्यात पाण्याचा फोटो, खाली "हे बघा काय अवस्था आहे", आणि ना पत्ता ना नाव. आम्ही फोटोतल्या दुकानाची पाटी वाचून जागा शोधायचो, तेही सवड असली तर. व्हॉइस नोट तर कुणी ऐकतच नाही, तीन मिनिटांची असेल तर मुळीच नाही. व्हॉट्सॲप वाईट नाही, पण ते आठवण द्यायला वापरा: "दि. अमुकच्या अर्जाबाबत, आपला आवक क्र. अमुक, पाहणी कधी ठेवता येईल?" एवढंच. आणि शक्यतो नगरसेवकाबरोबर कार्यालयातल्या माणसालाही पाठवा. प्रत्यक्ष वही त्याच्याकडे असते.

ट्विटरवर टॅग करण्याचा उपयोग तातडीच्या, फोटोत दिसणाऱ्या गोष्टीला होतो. उघडं चेंबर, रस्त्यात पडलेलं झाड, लोंबणारी तार. तिथे महापालिकेचं अधिकृत खातं टॅग करा, ठिकाण लिहा, कधीकधी तासाभरात माणूस येतो. पण दर पावसाळ्यात साचणारं पाणी हे हळू दुखणं आहे. त्यावर "संबंधित विभागास कळवले आहे" असं उत्तर येतं आणि विषय तिथेच थिजतो. शिवाय आयुक्त, पालकमंत्री, आमदार, नगरसेवक आणि दोन वृत्तवाहिन्या अशा सगळ्यांना एकाच पोस्टमध्ये ओढलं, की प्रत्येकाला वाटतं दुसरा बघेल.

हेच प्रभागातल्या चौघांबाबत. मुंबईत एका प्रभागाला एकच नगरसेवक असतो. इतर बहुतेक महापालिकांत एका प्रभागातून साधारण चार सदस्य निवडून येतात, अ, ब, क, ड अशा जागांवर. चौघांनाही सारखाच अर्ज दिला की चौघंही एकमेकांच्या तोंडाकडे बघतात, आणि वेगवेगळ्या पक्षांचे असतील तर श्रेयावरून अडतं. माझा सल्ला: एकाला मुख्य धरा. ज्याचं तुमच्या भागात येणं-जाणं आहे, जो खात्यात पाठपुरावा करतो असा. बाकीच्या तिघांना फक्त "माहितीसाठी प्रत". आणि हे लपवू नका. अर्जाच्या तळाशी प्रती कुणाकुणाला दिल्या ते लिहा. विरोधी बाजूचा सदस्य कमी कामाचा, असं समजू नका. त्याला सभागृहात विचारायला विषय हवेच असतात, आणि लेखी प्रश्नाला खात्याला लेखी उत्तर द्यावं लागतं.

महिला नगरसेविका असतील तर एक आवर्जून सांगतो. राज्यात स्थानिक संस्थांमधल्या निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत, आणि अजूनही कित्येक ठिकाणी लोक थेट त्यांच्या यजमानांना गाठतात. अर्ज त्यांच्याच नावाने द्या, बोलणंही त्यांच्याशीच करा. सभागृहात बोलायचा आणि मत द्यायचा अधिकार त्यांचा, पत्रावरची सही त्यांची. आमच्या ताईंच्या टेबलावर "भाऊंना सांगितलंय" म्हणणाऱ्यांची कामं सर्वांत मागे राहायची. त्यात थोडा रागही होता, कबूल करतो.

सह्यांचं निवेदन. २०० सह्या ऐकायला भारी वाटतं. पण कागद उलटून बघितला तर पन्नास सह्या एकाच पेनाने, एकाच वळणाच्या. पत्ते नाहीत. तुम्हाला कुणी सांगणार नाही म्हणून मी सांगतो: निवेदन आलं की मतदार यादीचा तो भाग काढून पाच-दहा नावं पडताळणारी कार्यालयं असतात. तेव्हा वीसच सह्या असू द्या, पण प्रत्येकीपुढे पूर्ण नाव, फ्लॅट क्रमांक, मोबाइल. सोबत सोसायटीच्या सभेच्या ठरावाची प्रत जोडली तर दुधात साखर.

२५ जणांनी भेटायला जाणं हा मात्र सगळ्यात फसवा प्रकार. जाणाऱ्यांना वाटतं वजन पडलं. खोलीत खुर्च्या सहा. पाच जण एकदम बोलतात, पाण्याचा विषय पार्किंगवर जातो, पार्किंगचा भटक्या कुत्र्यांवर, एक काका १९९५ पासूनचा इतिहास काढतात. साहेब सगळ्यांना चहा सांगतात, "करून टाकू" म्हणतात, फोटो निघतो, संध्याकाळी तो फेसबुकवर चढतो. काम शून्य. तिघं जा. एकानेच बोला. एकच विषय. निघताना एकच वाक्य विचारा: "पाहणीला कुठला वार ठेवायचा?" सर्वसाधारण सभेच्या दिवशी किंवा आदल्या दिवशी जाऊ नका, तेव्हा त्यांचं चित्त थाऱ्यावर नसतं.

धमक्यांबद्दल फार लिहीत नाही. "पुढच्या वेळी मत देणार नाही" हे रोज ऐकू येतं, पंख्याच्या आवाजासारखं. मतदानावर बहिष्काराचा फलक तर लोक नेमका आचारसंहिता लागल्यावर लावतात, जेव्हा नवीन काम मंजूर करायचं म्हटलं तरी हात बांधलेले असतात. लावायचाच असेल तर सहा महिने आधी तरी लावा.

चुकीचं दार हाही मोठा वेळखाऊ प्रकार. पथदिवा महापालिकेचा, पण घराकडे येणाऱ्या वीजवाहिनीचा खांब महावितरणचा (मुंबईत भागागणिक कंपन्या बदलतात). शहरातून जाणारा प्रत्येक रस्ता महापालिकेचा असतोच असं नाही. काही सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, काही राष्ट्रीय महामार्गाकडे. मुंबईकरांचा आणखी एक गोंधळ: ए पासून टी पर्यंतचे जे विभाग, ती प्रशासकीय कार्यालयं, नगरसेवकांचे २२७ प्रभाग वेगळे. अर्जात दोन्ही लिहा. गावात असाल तर सरपंचांच्या घरी खेटे घालण्यापेक्षा ग्रामसभेत विषय मांडा आणि तो इतिवृत्तात आला का ते वाचून बघा.

वेळेचं सांगायलाच हवं, कारण तुमचे फोटो, निवेदन सगळं जुलै-ऑगस्टमधलंच असणार. तेव्हा पाणी दिसतं, राग असतो, पण त्या वेळी फार तर पंप मिळतो. नालेसफाई आणि चेंबरसफाई पावसाआधी, एप्रिल-मेमध्ये चालते. त्या यादीत आपला रस्ता आहे का, हे मार्चमध्ये विचारा. नवी लाइन हवी असेल तर महापालिकेचं वर्ष १ एप्रिलला सुरू होतं, आयुक्तांचं अंदाजपत्रक साधारण जानेवारी-फेब्रुवारीत स्थायी समितीपुढे येतं, आणि खाती त्याच्या आधी दोन-तीन महिने आकडे जुळवत असतात. म्हणजे मागणी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये नगरसेवकाच्या टेबलावर हवी. प्रभागातली किरकोळ कामं ज्या निधीतून होतात (पुण्यात त्याला 'स यादी' म्हणतात) त्याची यादीही त्याच सुमाराला बनते. जानेवारीनंतर आलात तर वर्गीकरण करून पैसे वळवावे लागतात, म्हणजे दुसऱ्याच्या कामाचे काढून तुम्हाला द्यायचे. ते कुणाला आवडत नाही.

माहितीचा अधिकार हा धाक दाखवायला वापरू नका. "आरटीआय टाकीन" म्हणणाऱ्यांपेक्षा न बोलता टाकणारे भारी पडतात. अर्ज नगरसेवकाकडे जात नाही, खात्याच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे जातो. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस, आणि महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय, १५० शब्दांत. तुमच्या बाबतीत मी मागच्या डांबरीकरणाचा कार्यादेश (वर्क ऑर्डर) आणि दोषदायित्व कालावधी मागितला असता. तो कालावधी चालू असेल तर त्या कामातली चूक ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायची असते. असा कागद नगरसेवकाला द्या, बघा किती आनंदाने फोन करतो.

आणि नगरसेवकच नसेल तर? मार्च २०२२ मध्ये मुंबई, पुण्यासह अनेक महापालिकांची मुदत संपली आणि नंतर मोठा काळ प्रशासकांनी कारभार पाहिला. त्या काळात माजी नगरसेवकांची पत्रं खात्यात हलकी पडायची, हे आम्ही अनुभवलं. ज्यांच्याकडे आपल्या तक्रारींची क्रमवार फाइल होती, त्यांची कामं तेव्हाही सहायक आयुक्तांच्या पातळीवर मार्गी लागली.

तुम्ही आता काय करावं: या पावसात आठ-दहा दिवसांच्या नोंदी करा, झाकणं मोजा, जुन्या सभासदांना विचारून पूर्वी किती होती ते काढा. तक्रार नोंदवून क्रमांक घ्या, अर्ध्या पानाचा अर्ज द्या, आठवड्याने जावक क्रमांक मागा, पाहणीचा वार ठरवा. आणि आदल्या दिवशी कनिष्ठ अभियंत्याला फोन करून मुकादम पहार घेऊन येतोय ना, एवढं विचारून ठेवा. आमची पहिली पाहणी त्यावाचूनच वाया गेली होती. सहा जण डांबराकडे बघत उभे होतो आणि परत आलो.